आमच्या स्लॅबवरची छत्री

आमच्या गावात इंटरनेट आलं ते थेट आभाळातून, आणि उतरलं ते बौद्धवस्तीत. हे मी आजही मान ताठ करून सांगते, कारण ते तिथंच राहावं म्हणून मला भांडावं लागलं होतं.

गाव शिरूर तालुक्यातलं, केंदूरच्या पुढं. दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली असतील. टेलिफोनची तार गावात होती, पण तिचं रुसणं-फुगणं नव्या नवरीला लाजवील असं. तिच्यावरून इंटरनेट चालवणं म्हणजे चाळणीनं पाणी भरणं. अशात पुण्याच्या एका संस्थेची माणसं जीप घेऊन आली. त्यांना गावात एक छत्री बसवायची होती. घरोघरच्या टीव्हीच्या छत्रीपेक्षा मोठी, आणि नुसती ऐकणारी नव्हे, तर उपग्रहाशी बोलणारीसुद्धा. त्यांच्या अटी साध्या होत्या. भक्कम स्लॅब, दक्षिणेकडं मोकळं आभाळ, वीज, आणि केंद्र सांभाळायला बारावी झालेली गावातलीच एखादी मुलगी.

शाळेचा स्लॅब गळत होता. ग्रामपंचायत तेव्हा पत्र्याच्या खोलीत भरायची, सोसायटीचं गोदामही पत्र्याचंच. मळ्यांतल्या बंगल्यांवर पक्के स्लॅब होते, पण छत्रीवर वीज पडते अशी कुणीतरी आवई उठवली आणि बंगलेवाल्यांनी हात झटकले. राहिला आमचा विहार. वस्तीनं वर्गणी काढून नुकताच बांधलेला, त्याला लागून एक मोकळी खोली. "पडली वीज तर पडू द्या आमच्यावर," असं आमच्या मंडळींनी सांगून टाकलं आणि छत्री आमच्या स्लॅबवर चढली. केंद्र सांभाळायला मी. बारावी झालेली, शिरूरला एसटीनं जाऊन-येऊन संगणकाचा कोर्स केलेली, आणि लग्नाचा विषय निघाला की "एवढ्यात नाही" म्हणणारी. ही तिसरी गोष्ट अटींत नव्हती, पण तिच्यामुळेच मी त्यांना गावात सापडले.

ती लाईन कशी चालायची ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. एखादं पान उघडायला बटण दाबलं की काहीच व्हायचं नाही. माणूस म्हणायचा, बंद पडलं. तो उठायला लागला की सगळं पान एकदम समोर यायचं. एकदा यायला लागलं की भराभर यायचं, रडगाणं होतं ते सुरुवातीच्या थांब्याचं. छत्री बसवणाऱ्या इंजिनिअरनं मला ते नीट समजावलं होतं. उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर वर. इथला शब्द वर जातो, तिथून दुसऱ्या एका शहरातल्या मोठ्या छत्रीत खाली उतरतो, आणि तिथून पुण्याला. उत्तरही त्याच वाटेनं माघारी येतं. "प्रकाशाच्या वेगानं गेलं तरी वाट लांब आहे, ताई," तो म्हणाला. "पैसे ओतून लाईन रुंद करता येईल. वाट आखूड करता येणार नाही."

आणखी एक खोड होती. काळे ढग दाटले की लाईन जायची, हे लोकांना पटायचं. पण कधीकधी आमच्याकडं लख्ख ऊन असायचं आणि त्या दुसऱ्या शहरावर ढग असायचे, तरीही जायची. हे सांगताना माझी पुरेवाट व्हायची. "ऊन पडलंय आन् म्हनं ढगामुळं बंद," असं म्हणून बाया पदराआड हसायच्या. मीही हसायचे. काय करणार.

छत्रीचं खरं काम असायचं गुरुवारी. त्या दिवशी पुण्याहून एक शेतीतज्ज्ञ सर लाईनीवर यायचे. ते तिकडं कानाला हेडफोन लावून बसायचे, इकडं आमच्याकडं माइक आणि स्पीकर. शेतकऱ्यानं विचारायचं, सरांनी सांगायचं. आमच्या भागात तेव्हा डाळिंबं नवी नवी लागली होती आणि त्यांच्यामागोमाग तेल्या रोगही आला होता. फळावर तेलकट डाग पडायचे, मग फळ तडकायचं. लोक धास्तावले होते. त्यामुळे गुरुवारी खोली भरायची.

आणि पहिल्या दिवसापासून घोटाळा सुरू झाला. आमच्याकडं माणूस समोर आला की आधी रामराम, नाहीतर जय भीम. समोरच्यानं तो घेतला की मग 'बरं हाय का', मग पाऊसपाणी, आणि मग कामाचं. लाईनीवरसुद्धा तेच. शेतकरी म्हणायचा, "रामराम सायेब," आणि उत्तराची वाट बघत बसायचा. त्याचा रामराम वर जाऊन खाली उतरेपर्यंत तिकडं सरांना वाटायचं कुणीच बोलत नाही. ते म्हणायचे, "हॅलो, आवाज येतोय का?" ते इकडं पोचेपर्यंत शेतकऱ्यानं दुसऱ्यांदा रामराम घातलेला. मग दोघं एकदम बोलायचे, दोघं एकदम थांबायचे. अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं एकाच बाजूला सरकतात ना, तसं. शेवटी सर दमून दुसऱ्या गावाकडं वळायचे आणि आमचा माणूस म्हणायचा, "लाईनच खराब."

मी हट्टाला पेटले. लाईन खराब नाही, हे मला माहीत होतं. तिच्याशी बोलायची रीत वेगळी आहे, एवढंच. आणि ती रीत भिंतीपलीकडंच होती. विहारात वंदना घेताना सांगणारा एक ओळ म्हणतो आणि थांबतो. मागं सगळे ती म्हणतात. अगदी मागचं बोबडं लेकरू "गच्छामि" म्हणून मोकळं होईपर्यंत पुढची ओळ निघत नाही. मी तोच नियम लावला. एकदम सगळं बोलायचं, शेवटी "झालं" म्हणायचं, आणि समोरून "झालं" येईपर्यंत तोंड मिटून बसायचं. रामराम, जय भीम सगळ्यात शेवटी, निरोप घेताना. सरांनाही मी तसं कळवलं. आमच्या वस्तीतल्या बायांनी हे पहिल्याच गुरुवारी उचललं. गावातल्या तरुण शेतकऱ्यांनाही दोन-तीन आठवड्यांत जमलं.

जमलं नाही ते आप्पांना.

आप्पा म्हणजे गावातले मोठे बागायतदार. सोसायटीत त्यांचा शब्द चालायचा, ग्रामपंचायतीत त्यांच्या खाकरण्यावर ठराव व्हायचे. माणूस दुष्ट नव्हता. आमच्या आईला तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराच्या वाटेवर ओझं घेऊन जाताना बघितलं की जीप थांबवायचे. पण "माणसाला आधी रामराम न्हाई घातला तर त्यो मानूस कसला," असं म्हणून त्यांनी माझा नियम उडवून लावला. शिवाय ते खोलीत यायचे नाहीत. गुडघे दुखतात, पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून रस्त्याकडच्या खिडकीशी बाहेर उभे राहायचे. मी माइकची लांब वायर घेऊन तो खिडकीतून त्यांच्या हातात द्यायचे. म्हातारं माणूस, उगाच त्रास कशाला, असं मलाही वाटायचं. त्यांच्या मागं त्यांची सून उभी असायची, वर्तमानपत्रात गुंडाळलेली डागाळलेली फळं घेऊन. बाग खरी तीच बघायची. आप्पांनी काही चुकीचं सांगितलं की ती खालमानेनं, हळूच दुरुस्त करायची. ती दुरुस्ती माइकपर्यंत पोचायची नाही.

आप्पांचं बोलणं मात्र कधीच धड झालं नाही. सर उत्तर देत असतानाच ते पुढचं विचारायचे, अर्धं राहायचं, अर्धं चुकायचं. आणि दर गुरुवारी जाताना म्हणायचे, "ह्या आळीत लाईन लई स्लो हाय."

त्याच सुमाराला ग्रामपंचायतीची नवी इमारत उभी राहिली. उंच जोत्यावर, गुळगुळीत फरशी, वर चांगला स्लॅब. वीज पडण्याची भीती कुठं गेली कुणास ठाऊक. येत्या ग्रामसभेत विषय येणार असं कानावर आलं : बौद्धवस्तीत लाईन चालत नाही, सबब छत्री ग्रामपंचायतीवर हलवावी.

माझी नोकरी राहणार होती. "तूच ये की हितं बसायला," असं मला सांगूनही झालं होतं. पण माझा भडका उडाला तो नोकरीसाठी नव्हे. तोवर आम्हीच गावात जायचो. दाखला हवा गावात जा, रेशन आणायचं गावात जा, काम मागायचं गावात जा. छत्री आल्यापासून पहिल्यांदा गाव आमच्याकडं यायला लागलं होतं. बागायतदारांची पोरं परीक्षेचा निकाल बघायला आमच्या ओट्यावर रांग लावून बसायची, आणि त्यांच्यात आमचीही पोरं असायची. कुणी कुणाला उठवत नव्हतं. ते जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं. आई म्हणाली, "पोरी, गावाशी वाकडं घेऊ नको." मी म्हटलं, "मी सरळच बोलणार हाय."

लाईन आळीवर अवलंबून नसते हे गावाला दाखवायचं कसं? तर दुसऱ्या ठिकाणची तसलीच लाईन ऐकवून. दौंड तालुक्यात पाटसजवळ त्याच संस्थेची तसलीच छत्री होती. आमच्या सरपंचबाईंचं माहेर पाटसचं. त्या भावाकडं जाणार होत्या, मी त्यांच्या मागं लागले. "वाकडी वाट न्हाई बाई, कारखान्याच्या रस्त्यालाच हाय," म्हणत त्यांना राजी केलं. तळेगाव ढमढेऱ्याला जीप बदलून, न्हावरे, चौफुला करत आम्ही गेलो. गाळपाचा हंगाम. उसाच्या ट्रॅक्टरमागं जीप रांगत होती आणि मळीचा वास नाकात बसला होता. सरपंचबाई वाटभर माहेरचं कौतुक सांगत होत्या. त्या वाटेवर नवऱ्याचा विषय एकदाही निघाला नाही, आणि एरवी ग्रामपंचायतीत त्या नवऱ्याशिवाय वाक्य पुरं करायच्या नाहीत.

तिकडं बारावी झालेली मुलगी मिळाली नव्हती, म्हणून पाटसचं केंद्र एका पोरगेल्या शेतकऱ्याकडं होतं. त्यानं चहा मागवला आणि मला पिंग लावून दिलं. पिंग म्हणजे इकडून एक हाक मारायची आणि तिकडून ओ यायला किती वेळ लागला ते संगणकानंच मोजायचं. आकडे आले ते आमच्यासारखेच. अर्ध्या सेकंदाच्या वर, कधी जरा जास्त, कधी जरा कमी. सरपंचबाईंना आकड्यांशी देणंघेणं नव्हतं, म्हणून त्यानं त्यांना कानानं ऐकवलं. पुण्याच्या केंद्राशी लाईन जोडून तो म्हणाला, "बोला, मावशी." त्या बोलल्या, थांबल्या, आणि मग उत्तर आलं. "आपल्यासारखंच येतंय की गं," त्या म्हणाल्या. एवढ्यासाठीच मी आले होते.

निघताना त्या मुलाला मी सहज विचारलं, तुमच्याकडचे शेतकरी सरांच्या बोलण्यावर बोलतात का? तो म्हणाला, "न्हाई. स्पीकरला लागूनच बसत्यात, सायबांचं झालेलं कळतंय त्यांना. तुमच्याकडं माइक कुठं असतो?"

"खिडकीत."

"खिडकीत? कशापायी?"

म्हातारं माणूस आहे, गुडघे दुखतात, हे ओठांवर आलं होतं, पण ते त्याला सांगताना माझं मलाच खोटं वाटलं असतं. परतीच्या वाटेवर मी तेच डोक्यात घोळवत होते. स्पीकर खोलीत, आप्पा बाहेर. रस्त्यावरून ट्रॅक्टर, एसटी जाणार, सर बोलताहेत की थांबलेत हे त्यांना तिथं कळणार कसं? वेळ लागतो उपग्रहामुळं, ते खरं. पण त्या एवढ्याशा थांब्याचा घोटाळा खिडकीत होत होता. आणि आप्पा खिडकीत का उभे राहतात, हे साऱ्या गावाला माहीत होतं. मला मात्र ते दुसऱ्या तालुक्यात जाऊन कळलं.

ग्रामसभा नव्या इमारतीत भरली. पुरुष पुढं सतरंजीवर, बाया भिंतीकडेला. आप्पांची सूनही त्यांत होती. विषय वाचला गेला. सरपंचबाईंच्या नवऱ्यानं बोलायला तोंड उघडलं होतं, पण त्या दिवशी बाईंनीच सांगितलं, "म्या सोता पाटसला ऐकून आले. तितं बी आसंच जरा थांबूनच येतं. वस्तीचा काय संबंध न्हाई."

मला वाटलं, जिंकलं. आप्पांनी खाकरून घेतलं.

"म्हंजी समदीकडं सारखंच येतं?"

"व्हय," सरपंचबाई म्हणाल्या.

"मग हलवाय काय हरकत हाय? तितं काय आन् हितं काय, सारखंच. हितं नवी इमारत हाय, बसाय-उठाय जागा हाय. घ्या ठराव लिहून."

माना डोलायला लागल्या. मी एवढी पाटसपर्यंत जाऊन आणलेला पुरावा त्यांनी जागच्या जागी उचलून माझ्याच डोक्यात घातला होता. माझा संताप संताप झाला. असं होईल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण गप्प बसले असते तर त्या संध्याकाळीच कुणीतरी शिडी घेऊन आमच्या स्लॅबवर चढलं असतं. मी उभी राहिले.

"आप्पा, हितं आन् तितं सारखंच हाय, तर मग तितं यायला काय हरकत हाय?"

उत्तराची वाट न बघता मी पुढं बोलले.

"लाईन कुठंबी नेली तरी जरा थांबूनच येनार. बाकीच्यांचं बोलनं नीट व्हतंय, तुमचंच का व्हत न्हाई? कारन ती मान्सं आत बसत्यात आन् तुम्ही खिडकीत हुबं ऱ्हाता. सायेब काय म्हंत्यात ते तुमास्नी भाईर ऐकाय येत न्हाई. आत या, स्पीकरजवळ बसा. मग सांगा लाईन स्लो हाय का ते."

"मला पायऱ्या चढवत न्हाईत, पोरी," आप्पा म्हणाले. आवाज चढवला नव्हता. समजुतीनंच म्हणाले.

"आमच्या खोलीला तीन पायऱ्या हायेत, आप्पा. ह्या हापिसाला त्याच्या दुप्पट हायेत. आत्ताच चढून आलाय तुम्ही."

मागं एक पोरगा फिस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. आप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते फरशीकडं बघत राहिले, मग त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. त्यांची मला दया आली हे खरं आहे, आणि बोललेलं मागं घ्यावंसं वाटलं नाही हेही खरं आहे. भिंतीकडेच्या बायांत आमची आई बसली होती. तिनं डोळे मिटून घेतले होते.

सरपंचबाईंनी नवऱ्याकडं न बघताच सांगितलं, "हा इषय आज ऱ्हाऊ द्या. फुडचा घ्या." पुढचा विषय गटारीचा होता. माणसं तावातावानं गटारीवर बोलायला लागली. मी खाली बसले.

छत्रीचा विषय त्यानंतरच्या ग्रामसभेत निघाला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पण आप्पाही यायचे थांबले. दोन गुरुवार कोरडे गेले. वस्तीतले जाणते मला म्हणाले, जरा सबुरीनं घ्यायला हवं होतं. एकानं तर सांगितलं, खिडकीतून का होईना, मोठा माणूस येत होता. मी त्यांना म्हटलं, खिडकीतून येणाऱ्याला येणं म्हणत नाहीत. ते चिडले. चिडू द्या, म्हटलं. पण खरं सांगायचं तर त्या दोन गुरुवारी माझं लक्ष सारखं रस्त्याकडं जात होतं. आप्पांची बाग डोळ्यांदेखत जात होती, आणि त्याचं खापर माझ्यावर फुटणार हे मला दिसत होतं.

तिसऱ्या गुरुवारी त्यांची सून आली. एकटीच. काखेत तोच वर्तमानपत्राचा पुडा. ती खिडकीशी क्षणभर थांबली. मी जागची उठले नाही, माइक टेबलावरच होता. तिनं चपला काढल्या, तीन पायऱ्या चढली, आणि आत येऊन आमच्या बायांच्या मधे सतरंजीवर बसली. बाया सरकल्या.

तिची पाळी आली तशी ती माइकजवळ सरकली. डाग पहिल्यांदा कुठल्या फांद्यांवर दिसला, पाणी कधी तोडलं, छाटणी कधी केली, छाटलेलं कुठं टाकलं, कोणतं औषध मारलं, हे सगळं तिनं एका दमात सांगितलं आणि म्हणाली, "झालं." मग हात मांडीवर ठेवून शांत बसली. उत्तर आलं. छाटलेल्या रोगट फांद्या बागेतच पडल्या आहेत, त्या आधी वेचून जाळा, असं सरांनी सांगितलं. कात्री दर झाडाला औषधाच्या पाण्यात बुडवायची हेही सांगितलं. तिनं दोनदा उलटून विचारलं, दोन्हीदा पुरं ऐकून घेतलं. आप्पांच्या हंगामभराच्या गुरुवारांत झालं नव्हतं तेवढं बोलणं त्या एका बैठकीत झालं.

शेवटी सर म्हणाले, "ताई, या बागेचं मला आज पहिल्यांदा नीट ऐकू आलं. छत्री हलवली वाटतं? की लाईन नवी घेतली?"

सुनेनं माइक माझ्याकडं सरकवला.

"न्हाई सर," मी म्हटलं. "छत्री हाय तितंच हाय. लाईन बी तीच हाय. झालं."